रामेभ्यः, रामैः आणि शेवटचं टेम्प्लेट

गेल्या महिन्यात ऑफिसात मी एक आगाऊपणा केला. एक्सएसएलटीची एक जुनी फाइल माझ्याकडे आली होती. वीसेक वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलेली, मग या हातातून त्या हातात फिरत आलेली. दीडेकशे टेम्प्लेटं, आणि त्यांच्या क्रमाला काही म्हणजे काही अर्थ नाही, माळ्यावर सामान टाकावं तशी. म्हटलं, लॉजिकला हात लावायचा नाही, नुसती अकारविल्हे लावून ठेवू, पुढच्या माणसाला सापडतील तरी. लावली. आतलं एक अक्षर बदललं नाही. दुसऱ्या दिवशी टेस्टिंगवाली मुलगी नमुन्याची पत्रं घेऊन टेबलापाशी उभी. प्रत्येक पत्त्याच्या शेवटी, पिनकोडच्या पुढे, एक स्वल्पविराम लोंबत होता.

जावामध्ये एखाद्या क्लासातल्या मेथड्स वरखाली केल्या तर काही बिघडत नाही. मग इथे का बिघडलं? हे शोधताना मी दोन शनिवार-रविवार घालवले आणि भलतीकडेच पोचलो. त्याचीच ही गोष्ट.

आधी एक्सएसएलटी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पंगत डोळ्यासमोर आणा. नेहमीचा प्रोग्राम म्हणजे असा यजमान की जो वाढप्याला सांगतो, आधी याला वाढ, मग त्याला, मग तिसऱ्याला. एक्सएसएलटीत असं कोणी सांगत नाही. तिथे वाढपी आपापला नियम पाठ करून उभे असतात: 'समोर लहान मूल दिसलं की मी अर्धी पोळी वाढणार', 'समोर उपासवाला दिसला की मी वरीचा भात वाढणार'. यजमान फक्त पानांवरून चालत जातो आणि प्रत्येक पानापाशी विचारतो, याचा वाढपी कोण? ते पान म्हणजे एक्सएमएलमधला नोड, आणि वाढप्याने पाठ केलेली 'समोर अमुक दिसलं की' ही अट म्हणजे टेम्प्लेटचा मॅच. नियम कुठल्या क्रमाने चालतील हे नियम लिहिणारा ठरवत नाही, बसलेली पंगत ठरवते. नव्याने शिकणाऱ्याचं डोकं इथेच गरगरतं, माझंही गरगरलं होतं.

एक गंमत सांगतो. एकही नियम नसलेली, अगदी रिकामी एक्सएसएलटी चालवून बघा. काहीच बाहेर येणार नाही असं वाटतं ना? उलट कागदपत्रातला सगळा मजकूर एकाला एक चिकटून बदाबदा बाहेर पडतो. कारण काही वाढपी प्रमाणकानेच आधीपासून उभे करून ठेवलेले असतात: एलेमेंट दिसला तर त्याच्या आत जा, मजकूर दिसला तर तसाच उतरवून काढ. तुमचा नियम लागला नाही तर यांचा लागतो.

आता खरा प्रश्न. एकाच पानापाशी दोन वाढपी पुढे झाले तर?

माझ्या फाइलीत नेमकं हेच होतं. (एक्सएमएलमध्ये टॅगांची नावं देवनागरीत द्यायला १९९८ पासून परवानगी आहे, तेव्हा ती मराठीत लिहितो. आमच्याकडे अर्थातच इंग्रजी होती.) एका टेम्प्लेटचा मॅच होता 'पत्ता/ओळ', म्हणजे पत्त्याच्या आतली कुठलीही ओळ. काम: ओळ छाप, पुढे स्वल्पविराम दे. दुसऱ्याचा मॅच होता 'ओळ' आणि चौकटी कंसात 'शेवटची' ही अट. काम: ओळ छाप, पुढे काही देऊ नकोस. पत्त्याच्या शेवटच्या ओळीला दोन्ही लागू. जिंकणार कोण?

यावरचा कायदा १६ नोव्हेंबर १९९९ रोजी शिफारस म्हणून प्रसिद्ध झालेल्या एक्सएसएलटी १.० मध्ये आहे. त्याचे संपादक जेम्स क्लार्क. हा माणूस त्याआधी डीएसएसएसएल नावाच्या भाषेत मुरलेला होता. १९८६ साली एसजीएमएल हे आयएसओ प्रमाणक झालं, आणि एसजीएमएलच्या कागदपत्रांना रूप देण्यासाठी १९९६ साली डीएसएसएसएल आलं. त्याचा पाया स्कीम या कंसांनी भरलेल्या भाषेचा. क्लार्कनी त्याचं जेड नावाचं इंजिन लिहिलं होतं. डीएसएसएसएलमध्येही 'अमुक एलेमेंट दिसला की असं कर' अशाच थाटाचे नियम होते. एक्सएसएलटीने तीच कल्पना उचलली आणि कंसांची जागा टॅगांनी घेतली. (सुधारणा झाली की नाही यावर माझं मत खाजगीत विचारा.)

तर कायदा असा. पहिल्यांदा बघायचं, नियम मूळ फाइलीतला की इम्पोर्ट करून आणलेला. इम्पोर्ट करणाऱ्याचा वरचढ, आणलेल्याचा दुय्यम. तिथे बरोबरी झाली तर प्रायॉरिटी. ती तुम्ही स्वतः आकड्यात लिहिली असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर मॅचच्या रूपावरून मार्क मिळतात. 'कुठलाही एलेमेंट' अशी मोघम फुली असेल तर उणे ०.५. नुसतं नाव असेल, 'ओळ' वगैरे, तर ०. आणि याहून काहीही गुंतागुंतीचं असेल, म्हणजे तिरपी रेघ आली, चौकटी कंसातली अट आली, की सरसकट ०.५.

सरसकट! माझा घात इथे होता. 'पत्ता/ओळ' ला ०.५ आणि शेवटच्या ओळीच्या नियमालाही ०.५. सीएसएसमध्ये १९९६ पासून किती आयडी, किती क्लास, किती टॅग असं मोजून कोण जास्त नेमका ते ठरवतात. इथे तसली मोजदाद नाही. तुम्ही एक अट घाला की सात, मार्क तेवढेच.

आणि प्रायॉरिटीही सारखी निघाली तर? १९९९ चा कायदा म्हणतो, ही चूक आहे. इंजिनाने हवं तर चूक म्हणून थांबावं. पण थांबायचं नसेल तर जो नियम फाइलीत सगळ्यात शेवटी आहे तो घ्यावा. आमचं इंजिन थांबत नव्हतं, तक्रारही करत नव्हतं. वीस वर्षं शेवटच्या ओळीचा नियम फाइलीत खाली होता म्हणून गपचूप जिंकत होता. मी अकारविल्हे लावल्यावर 'ओळ' वर गेली आणि 'पत्ता' खाली आला. ओ आधी, प नंतर. झालं!

हे कळलं त्या रविवारी मी घरी बसून प्रमाणक वाचत होतो आणि शेजारच्या खोलीत कन्येचं पाठांतर चालू होतं. यंदा आठवी, संस्कृत सुरू झालंय. डोंबिवलीतल्या पातळ भिंतींमधून राम शब्द सगळ्या मजल्याला पाठ होणार अशी चिन्हं आहेत. मधेच ती येऊन म्हणाली, "बाबा, रामाभ्याम् आहे ना, मग रामाभ्यः का नाही? रामेभ्यः कशाला?"

मला कुठलं येतंय! आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या बाई राहतात, त्यांच्याकडे तिला घेऊन गेलो. बाईंनी चहा टाकला, अष्टाध्यायीचं पुस्तक काढलं आणि बोट ठेवून दाखवलं. सातव्या अध्यायातल्या तिसऱ्या पादातली लागोपाठची दोन सूत्रं, १०२ आणि १०३. पहिलं म्हणतं, विभक्तीचा प्रत्यय य, व, र, ल, अनुनासिक, झ किंवा भ ने सुरू होत असेल तर आधीच्या शब्दाच्या शेवटच्या 'अ' चा 'आ' कर. म्हणून रामाय, रामाभ्याम्. दुसरं म्हणतं, बहुवचन असेल आणि प्रत्यय स्पर्श व्यंजनाने किंवा श, ष, स, ह ने सुरू होत असेल (अनुनासिकं सोडून), तर त्या 'अ' चा 'ए' कर. म्हणून रामेषु. आता राम अधिक भ्यस्. 'भ' ने सुरू होतो, बहुवचनही आहे. दोन्ही सूत्रं लागू. मग पहिल्या अध्यायातलं एक सूत्र (१.४.२) निवाडा करतं: सारख्या बळाच्या दोन नियमांत भांडण झालं तर जो पुढे आहे त्याचं काम करा. १०३ पुढे. रामेभ्यः.

"म्हणजे शेवटचं टेम्प्लेट!" मी जवळजवळ ओरडलोच. बाईंना वाटलं चहा सांडला.

इथे थोडं थांबायला हवं. अशा क्षणी आपल्याकडे लगेच 'सगळं आपल्याकडे आधीच होतं' असं सुरू होतं. संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा असल्याचं नासाने म्हटलंय, हा निरोप दर वर्षी एकदा तरी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येतो. त्याचं मूळ रिक ब्रिग्ज यांचा १९८५ चा 'एआय मॅगझिन'मधला लेख. तो वाक्याचा अर्थ जाळ्याच्या रूपात मांडण्याबद्दल आहे, सर्वोत्तम भाषेचा दाखला नव्हे. त्याच्याही आधी, १९६७ मध्ये, पीटर इंगरमन यांनी बॅकस-नॉर रूपाला पाणिनी-बॅकस रूप म्हणावं असं एका संगणक नियतकालिकात सुचवलं होतं, ते फार लोकांना माहीत नसतं. पण क्लार्क आणि मंडळींनी पाणिनी समोर ठेवून एक्सएसएलटी लिहिली असं म्हणायला कुठलाही आधार नाही. नियमांचा ढीग केला की दोन नियम एकमेकांना भिडणार, आणि भिडले की कोणीतरी निवाडा लिहायला बसणार, एवढंच दोन्हीकडे सारखं आहे. मला रस वाटला तो निवाडे वेगळे कुठे झाले त्यात.

रामशब्दातच पुढचा पेच आहे. तृतीयेचं बहुवचन रामैः. मूळ प्रत्यय भिस्. एक सूत्र (७.१.९) म्हणतं, 'अ' नंतर भिस् आला तर त्याचा ऐस् कर. पण आपलं १०३ वालं सूत्रही तिथे लागू आहे, भ आहे, बहुवचन आहे. आणि ते पुढे आहे! 'पुढचा जिंकतो' हा कायदा सरळ लावला तर रामेभिः व्हायला हवं. मग ऐस् होणार तरी कुठे? ही शंका पतंजलीच्या महाभाष्यातच घेतलेली आहे, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात. उत्तर असं की 'ए' झाल्यावरही, इथे आधी 'अ' होता हे लक्षात ठेवून ऐस् करता येतं. म्हणजे दुसरा नियम लागो वा न लागो, ऐस् चा नियम लागतोच. अशा नियमाला नित्य म्हणायचं, आणि नित्य हा पुढच्यापेक्षा बलवान. झालं, कायद्याला एक पोटकलम जोडलं गेलं.

अशी पोटकलमं वाढत गेली. त्यांना परिभाषा म्हणतात, आणि त्यांचा सगळ्यात नावाजलेला ग्रंथ म्हणजे परिभाषेन्दुशेखर. लिहिणारे नागेशभट्ट, म्हणजे आपले नागोजीभट्ट काळे, काशीत राहणारे देशस्थ मराठी ब्राह्मण, सतरावं शतक संपता-संपता आणि अठराव्याच्या पूर्वार्धातले. सव्वाशेच्या आसपास परिभाषा घेऊन एकेकीवर खल. त्यांचे शिष्य वैद्यनाथ पायगुंडे यांनी त्यावर 'गदा' नावाची टीका लिहिली. (टीकेला गदा नाव देणारा माणूस मला भेटायला आवडला असता.) नागोजींच्या ग्रंथात बळाची उतरंड दिली आहे: पुढच्यापेक्षा नित्य बलवान, नित्यापेक्षा अंतरंग, म्हणजे ज्याची कारणं शब्दाच्या आतल्या भागात आहेत तो, आणि सगळ्यांवर अपवाद. एक्सएसएलटीत तीन पायऱ्या, इथे चार. 'पुढचा' दोन्हीकडे सगळ्यात खालच्या पायरीवर, दुसरं काहीच चालत नसेल तेव्हाचा.

अपवादाचं उदाहरण महाभाष्यात पंगतीचंच आहे, हे मला माझी पंगत सुचल्यानंतर कळलं. सगळ्या ब्राह्मणांना दही वाढा, कौंडिण्याला ताक. कौंडिण्यही ब्राह्मणच. तरी त्याच्या पानात दही पडत नाही, दोन्हीही पडत नाही, फक्त ताक. का? ताकाचा नियम हरला तर त्याला दुसरीकडे कुठे कामच उरत नाही, आणि ज्याला कुठेच काम नाही असा नियम शहाणा माणूस सांगेलच कशाला?

हा युक्तिवाद मला फार आवडला. एक्सएसएलटी नियमाचं रूप बघते: तिरपी रेघ आहे का, कंस आहे का, घ्या ०.५. व्याकरणकार विचारतात, हा हरला तर बेकार होईल का? बाईंनी याचं झकास उदाहरण दिलं. 'अमक्याचा मुलगा' अशा अर्थाने सर्वसाधारण प्रत्यय अण्, उपगूचा मुलगा औपगव. पण शब्द अकारान्त असेल तर इञ्, म्हणून दशरथाचा दाशरथि. मग वसुदेवाचा वासुदेवि का नाही? कारण आणखी एक सूत्र आहे: ऋषींची नावं, आणि अंधक, वृष्णी, कुरू या कुळांतली नावं यांना पुन्हा अण्. वसुदेव वृष्णी, म्हणून कृष्ण वासुदेव. अपवादाला अपवाद. आता हे एक्सएसएलटीत लिहून बघा. 'शब्द' कंसात अकारान्त, आणि 'वृष्णी/शब्द'. दोघांनाही ०.५! इंजिनाला यातला कोण विशेष ते कळायचा मार्गच नाही. व्याकरणाला कळतो. जी वृष्णी नावं अकारान्त नाहीत त्यांना अण् तसाही मिळणारच होता, म्हणजे हे सूत्र अकारान्तांसाठी हरलं तर ते लिहिण्याचं कारणच राहत नाही. (१९७३ साली पॉल किपार्स्की यांनी हेच विशेष-आधी-सामान्य तत्त्व आधुनिक भाषाशास्त्रात 'एल्सव्हेअर कंडिशन' म्हणून आणलं, पाणिनीचं ऋण मानून.)

अर्थात इंजिनाने असा विचार करावा ही अपेक्षा अन्यायाची आहे. नियम बेकार होईल का हे ठरवायला सगळे नियम आणि सगळे शक्य कागद डोळ्यासमोर हवेत. शास्त्रीबुवांकडे दोन हजार वर्षं होती. इंजिनाला मिलिसेकंदं मिळतात.

शिवाय एक मोठा फरक आहे, तो विसरून चालणार नाही. एक्सएसएलटीत मूळ कागद बदलत नाही. नियम त्यावरून वाचतो आणि बाजूला नवं काही लिहितो. पाणिनीच्या सूत्रांचं तसं नाही, एकाने शब्द बदलला की पुढचा नियम बदललेल्या शब्दावर चालतो. म्हणूनच तिथे नित्य-अंतरंगाची भानगड आहे आणि आपल्याकडे नाही. आपलं भांडण त्या मानाने साधं.

आता माझ्या अकारविल्हे प्रकरणाचा पूर्वज. सूत्रांचा क्रमच जर निवाडा करत असेल तर तो हलवायचा नाही, बरोबर? पण तो हलवला गेला. सूत्रं विषयवार लावायचे प्रयत्न आधीही झाले होते, पण सतराव्या शतकात भट्टोजी दीक्षितांनी सिद्धान्तकौमुदीत सगळी अष्टाध्यायी विषयवार लावून दिली. संधी एकीकडे, विभक्ती एकीकडे, समास एकीकडे. विद्यार्थ्याला सापडावं म्हणून! मला अगदी भरून आलं. कौमुदी इतकी गाजली की पुढे बहुतेकांचं व्याकरण तिथूनच सुरू होऊ लागलं. मात्र भट्टोजींनी शिकवायचा क्रम बदलला, निवाड्याचा नाही. कोणतं सूत्र पुढचं हे अष्टाध्यायीतल्या जागेवरूनच ठरत राहिलं. बाईंच्या कौमुदीच्या प्रतीतही प्रत्येक सूत्रापुढे मूळ आकडा छापलेला आहे. मी आकडे न घालता क्रम बदलला, एवढाच काय तो भट्टोजींमध्ये आणि माझ्यात फरक. नागोजींचे गुरू हरी दीक्षित हे या भट्टोजींचेच नातू. एकोणिसाव्या शतकात स्वामी विरजानंदांनी आणि त्यांचे शिष्य दयानंद सरस्वतींनी मात्र कौमुदी नको, मूळ क्रमानेच शिका, असा आग्रह धरला.

काशीतला हा धागा पुण्यात चांगलाच जोपासला गेला. १८६६ मध्ये डेक्कन कॉलेजात आलेल्या फ्रान्झ कीलहॉर्न यांनी इथल्या शास्त्र्यांजवळ बसून परिभाषेन्दुशेखराचा अभ्यास केला. त्यांची संहिता १८६८ ला निघाली आणि इंग्रजी भाषांतर १८७४ पर्यंत पूर्ण झालं, बॉम्बे संस्कृत सीरीजमध्ये. पुढे वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी याच ग्रंथावर 'तत्त्वादर्श' ही टीका लिहिली आणि महाभाष्य मराठीत आणलं. त्यांचे चिरंजीव काशीनाथ वासुदेव अभ्यंकर यांनी वडिलांच्या टीकेसह नागोजींचा ग्रंथ १९६२ मध्ये भांडारकर संस्थेतून पुन्हा संपादित केला आणि १९६७ मध्ये निरनिराळ्या व्याकरणांतल्या परिभाषांचा संग्रहच काढला. पुणे विद्यापीठात शि. द. जोशी यांनी सूत्रांच्या क्रमाचे आणि भांडणाचे हेच प्रश्न आधुनिक भाषाशास्त्राशी भिडवले, किपार्स्की यांच्याबरोबरही काम केलं.

मिटलं म्हणता म्हणता भांडण पुन्हा उकरलं गेलं. ऋषी राजपोपट यांनी केंब्रिजला १.४.२ या एका सूत्रावर पीएच.डी. केली आणि डिसेंबर २०२२ मध्ये ती वर्तमानपत्रांत झळकली. त्यांचं म्हणणं, त्या सूत्रातल्या 'पर' चा अर्थ सगळ्यांनी चुकीचा लावला. पर म्हणजे ग्रंथात पुढे असलेला नियम नव्हे, तर शब्दात उजवीकडे काम करणारा नियम. राम आणि भिस्: १०३ डावीकडच्या रामाला हात लावतं, ऐस् चं सूत्र उजवीकडच्या भिस् ला. उजवा जिंकला. रामैः, आणि पोटकलमाची गरज नाही. दोन्ही नियम एकाच जागी काम करत असतील तर जास्त विशेष असेल तो. 'अडीच हजार वर्षांचं कोडं सुटलं' असे मथळे आले, आणि अनेक जाणकारांनी लगेच आक्षेपही घेतले. सगळी उदाहरणं यात बसत नाहीत, आणि परंपरेलाही 'पुढचा' हा शेवटचाच उपाय वाटत होता, असं त्यांचं म्हणणं. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "अरे, मी रामैः पाठ केलं तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि चुकलं कधीच नाही."

इकडे एक्सएसएलटीचंही वय झालं. २००७ मध्ये २.० आली, मायकेल के यांच्या संपादनाखाली. २०१७ मध्ये ३.० आली, आणि तिच्यात एक सोय झाली: दोन नियम सारखेच निघाले तर शेवटचा घ्यायचा की चूक म्हणून थांबायचं, हे तुम्हीच आधी लिहून ठेवू शकता. काही न लिहिल्यास शेवटचा. ब्राउझर मात्र १.० वरच अडकून राहिले, आणि २०२५ मध्ये क्रोमने एक्सएसएलटी काढूनच टाकण्याचा बेत जाहीर केला. आमची फाइल ब्राउझरात चालत नाही, सर्व्हरवर चालते, त्यामुळे ती अजून काही वर्षं तरी निवृत्त होत नाही.

त्या सोमवारी डोंबिवलीहून नेहमीच्या फास्टमध्ये उभ्याने जाताना ठरवलं, आणि ऑफिसात पोचल्यावर शेवटच्या ओळीच्या नियमाला प्रायॉरिटी १ लिहून टाकली. स्वल्पविराम गेला. मग दीडशे टेम्प्लेटांत अशा आणखी किती जोड्या गुपचूप क्रमावर जगताहेत ते शोधायला बसलो. अकरा निघाल्या. नऊ ठिकाणी प्रायॉरिटी घातली. उरलेल्या दोन ठिकाणी मूळ लेखकाला कोण जिंकायला हवा होता हेच कळेना, तेव्हा त्या जुन्या क्रमाने परत लावल्या आणि वर टीप लिहिली: 'खालच्या टेम्प्लेटांचा क्रम बदलू नये.' टीप मराठीत आहे. टीममधल्या दोघांना ती वाचता येत नाही, त्यामुळे हात लावायच्या आधी ते मला विचारायला येतात.